खलाशांनी न घेतलेले नाव

ती घटना माझ्याबरोबरच राहिली. ठाणी बदलली, जिल्हे बदलले, शेवटी वर्दीही उतरली, पण ती काही गेली नाही. तपासाच्या गोष्टी मी पुष्कळ सांगितल्या आहेत. ही मात्र सांगितली नाही. घरच्यांना तिचा अर्धाच भाग माहीत आहे, ज्यात मला शाबासकी मिळते. उरलेला अर्धा आज लिहितो.

भिलाईत तेव्हा पोलादाचा कारखाना उभा राहत होता. मी नागपूरकडचा. राज्यांची वाटणी झाली तेव्हा माझ्यासारखे बरेच मराठी पोलीस मध्य प्रदेशच्या वाट्याला आले आणि मी सब-इन्स्पेक्टर म्हणून त्या ठाण्यात पोहोचलो. ठाणे म्हणजे पत्र्याखालच्या दोन खोल्या आणि मागे हवालात. रोजनाम्यात रोजच्या त्याच नोंदी. सळ्या चोरीला गेल्या, दारूच्या भट्टीवर डोकी फुटली, गावाहून बायको आली पण नवरा सापडत नाही. नाना मुलखांतली माणसे एका मैदानात आणून टाकलेली. कोणाची भाषा कोणाला धड कळत नव्हती, आणि ज्याची भाषा कळत नाही त्याच्यावर माणूस आधी संशय घेतो.

त्यात एक अफवा कायम फिरत असे. कारखान्याची मोठी भट्टी पेटवायची तर तिला माणूस द्यावा लागतो म्हणे. कोणी बेपत्ता झाला की बाजारात दोनच शक्यता बोलल्या जात. एक, तो गावी पळाला. दुसरी, तो दिला गेला.

थंडीचे दिवस होते. सकाळची हजेरी चालू असताना खुर्सीपारच्या मजूरवस्तीतून एक माणूस आला. आमच्याच वऱ्हाड-नागपूरकडचा, दीक्षा घेतलेला, ठेकेदाराकडे फिटरच्या हाताखाली कामाला. शेजारच्या बराकीत राहणारा एक तरुण खलाशी रविवारपासून दिसत नाही, असे त्याने सांगितले. मी म्हटले, गावी गेला असेल.

"साहेब, माणूस हरवला तं घरचे लोकं त्याच्या नावानं गाव डोक्यावर घेतात," तो म्हणाला. "हे लोकं त्याचं नावच घेऊन नाई राहिले. मी घेतलं तं एकानं माह्या तोंडावर हात ठेवला. कावून?"

या 'कावून'ने, आमच्याकडच्या 'का'ने, मी सावध झालो. त्याला बसवून घेतले आणि सगळे ऐकले.

ते खलाशी रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे, एकाच समुद्रकाठच्या गावचे. दोर, साखळ्या आणि कप्प्या लावून जड गर्डर वर चढवण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. बेपत्ता मुलगा विशीतला, टोळीतला सर्वांत चांगला पोहणारा. सांगायला आलेल्या या माणसाची आणि त्याची दोस्ती झाली होती. याने त्याला सायकल शिकवली, त्याने याला सुकट खायला शिकवले. त्याचा थोरला भाऊही टोळीत होता. शनिवारी दोघांचे भांडण झाले. धाकट्याला दोर सोडून कारखान्यात भरती व्हायचे होते, थोरला म्हणत होता की बापाची होडी मग कोण चालवणार. थोरल्याने त्याला चारचौघांत कानफटात मारली. दुसऱ्या दिवशी मुलगा नाहीसा झाला. नंतर सगळी टोळी मरोद्याकडच्या तलावावर जाऊन बसली, पाण्यात नारळ सोडला आणि परत आली. कोणी रडले नाही.

"नारळ कशाला?"

तो जरा ओशाळला. मुलाने त्याला गावाकडची एक गोष्ट सांगितली होती. त्यांच्या समुद्रात एक आहे, त्याला ते 'खालचो' म्हणतात. उलटी पडलेली होडी असावी एवढा, पाठीवर कालवे चिकटलेली. डोळे नाहीत, नुसता ऐकतो.

"मी म्हटलं, अबे, तुमच्या दर्यातला थो इकडं भिलाईले कसा येईन? चरोद्याच्या यार्डात उतरते का मालगाडीतून? तं लय हासला." हे सांगताना त्याचा स्वतःचा चेहरा मात्र हसला नाही. "साहेब, आमी देव-भूत सारं सोडून आलो. मले त्याचं भेव नाई. माणूस कुठं गेला, तेवढं पाहा."

ठाण्यात मराठी जाणणारा मी एकटाच, म्हणून तपास माझ्याकडे आला. पण त्यांची मराठी आणि माझी मराठी यांत अर्धा हिंदुस्थान होता.

बराकीत गेलो तेव्हा माणसे जेवायला बसत होती. कोपऱ्यात दोरांची वेटोळी, वर वाळत घातलेले जाळे. कोण हरवले आहे, असे विचारले. "आमचो एक माणूस," एवढेच उत्तर आले. नाव विचारले तर सगळे जमिनीकडे पाहू लागले. एक जण जेवता जेवता उठून बाहेर गेला. रांगेच्या शेवटी एक भरलेली थाळी होती, वरून दुसरी थाळी झाकलेली, आणि तिच्यासमोर कोणी बसलेले नव्हते. मेलेल्याच्या नावाने पान वाढतात, एवढे मला माहीत होते. म्हणजे तो मेला हे यांना ठाऊक आहे, असे मी मनात लिहून टाकले.

दुपारी त्यांचा मुकादम आपण होऊन ठाण्यात आला. पन्नाशीचा, त्याच गावचा, पण मुंबईच्या गोदीत वर्षे काढलेला. हिंदी साफ, बोलणे अदबीचे. त्याने मुलाचे पूर्ण नाव सांगितले, बापाचे सांगितले, वय सांगितले. बोलता बोलता पुन्हा एकदा नाव घेऊन सुस्कारा सोडला. मुलगा रविवारी फेकजाळे घेऊन एकटाच तलावावर गेला आणि परतला नाही, असे त्याचे बयान होते. टोळीलाही त्याने हेच सांगितले होते. बाकीचे गप्प का, असे मी विचारले. "अडाणी आहेत साहेब, वर्दी बघून घाबरतात." मग थोडे थांबून, नाइलाजाने सांगावे तसे, भावाभावांचे भांडण सांगितले.

मला तो माणूस आवडला. तपासात सरळ उत्तर देणारा माणूस पोलिसाला नेहमीच आवडतो. ही आमच्या धंद्यातली मोठी खोड आहे. ती मला तेव्हा खोड वाटत नव्हती.

थोरल्या भावाला आणून बसवले. तिशीचा, रुंद पंजे, दोराने कापून कापून कातडे झालेले. भांडण झाले? झाले. मारलेस? एक चापट मारली. रविवारी कुठे होतास? बराकीत, दोर ओवीत होतो, चार माणसे सांगतील. तलावावर का गेलात? नारळ सोडायला. कशासाठी? गप्प. भावाचे नाव सांग. गप्प.

"तुमका म्हायत आसा," तो म्हणाला.

"मला माहीत आहे. तुझ्या तोंडून पाहिजे."

इथे माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. खून करणाऱ्याला मेलेल्याचे नाव उच्चारणे जड जाते, असा माझा एक सिद्धान्त होता. मागे दोन-तीन प्रकरणांत तो खरा ठरला होता. मी तो शिपायांना शिकवत असे, साहेबांसमोर बोलून दाखवत असे. तो माणूस माझ्यासमोर बसून माझाच सिद्धान्त सिद्ध करत होता. मला दुसरे काही दिसेनासे झाले.

त्याला बसवून ठेवल्याच्या दोन-तीन दिवसांत बाहेरची हवाही बिघडत गेली. खलाशांनी आपल्या पाण्यातल्या राक्षसाला पोरगा दिला आणि आता दुसऱ्यांची पोरे नेतील, असे मरोद्याच्या बाजूला बोलले जाऊ लागले. बराकीवर दगड पडले. ठाणेदारसाहेबांनी मला बोलावून, हे लवकर मिटव, नाहीतर बराक पेटेल, असे सांगितले. ते खोटे नव्हते. पण पुढे मी जे केले ते बराक वाचवण्यासाठी केले, असे म्हणालो तर ते खोटे होईल. माझा सिद्धान्त खरा ठरवण्यासाठी केले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला मागच्या खोलीत घेतले. ठाण्याच्या मुन्शीने, म्हणजे कारकुनाने, हात धरले, पट्टा माझ्या हातात होता. आमच्या कागदांत याला पूछताछ म्हणतात. तो ओरडला नाही. मी दर वेळी एकच प्रश्न विचारत होतो, नाव सांग. बाकी सगळे त्याने सांगितले होते. एवढेच त्याच्याकडे उरले होते आणि मला तेवढेच हवे होते.

शेवटी तो खाली बसला आणि त्याने हात जोडले.

"साहेबानू, व्हया तर मीच मारलंय म्हणान लिवा. मी आंगठो देतंय. पण नाव घेवक लावू नकात."

आज कोणी मला विचारले की, तुझ्या नोकरीतला सगळ्यांत वाईट क्षण कोणता, तर मी हा सांगेन. एक माणूस नाव टाळण्यासाठी फासावर जायला तयार झाला होता. मी डोळे उघडे ठेवले असते तर तिथेच पट्टा खाली ठेवला असता. मी मुन्शीकडे पाहून हसलो. म्हटले, बोलला. आणि त्याला म्हणालो, "मग तसे पूर्ण सांग. कोणाला मारलेस, नाव घेऊन सांग."

आणखी काही वेळ गेला. किती, ते लिहीत नाही. मग त्याने नाव घेतले.

हळू घेतले, घरातल्या झोपलेल्या माणसाला उठवावे तसे. मी लेखणी उचलली आणि पुढच्या वाक्याची वाट पाहू लागलो. पुढचे वाक्य आले नाही.  त्याने पाणी मागितले. शिपायाने लोटा दिला. तो त्याने तोंडाला लावला नाही. उठून उभा राहिला आणि सगळे पाणी डोक्यावर ओतून घेतले. थंडीत, सदऱ्यासकट. मुन्शी म्हणाला, नाटक करतोय. मलाही तेच वाटले.

रोज दुपारी टोळीचा म्हातारा आचारी त्याला डबा आणून देत असे. हात थकल्यामुळे दोर सोडून चुलीकडे आलेला माणूस. त्या दिवशीही तो आला. हवालातीच्या गजांतून त्याने ते ओले केस पाहिले, भिजलेला सदरा पाहिला आणि डबा खाली ठेवला. "घेतलंस?" त्याने विचारले. थोरल्याने मान हलवली. म्हाताऱ्याने डबा परत उचलला आणि चालू लागला.

मी त्याला फाटकापाशी अडवले. "बाबा, जेवण का परत नेता?"

"आज सुतक आसा," तो म्हणाला. माझ्याकडे न पाहता.

"सुतक कोणाचे? प्रेत तर सापडले नाही."

तो माझ्याकडे पाहू लागला. माझ्यावर रागवावे की मला समजावून सांगावे, हे ठरवत असावा. मग फाटकाच्या दगडावर बसला आणि सांगू लागला. त्याच्या बोलण्यातले मला कळले ते असे.

त्यांच्या गावी होडी गेली आणि माणूस परत आला नाही, तर तो मेला असे कोणी मानत नाही. खालच्याने त्याला ठेवून घेतले आहे. खालचा माणूस खात नाही, नुसता ठेवतो आणि वर कान लावून बसतो. वर कोणी त्या माणसाचे नाव घेतले की याला कळते, हा कोणाला तरी हवा आहे. मग तो त्याला सोडत नाही. कोणीच नाव घेतले नाही तर हा कोणाचाच नाही असे समजून कंटाळतो आणि सोडून देतो. खालच्याला नारळ देतात, पण घरातली माणसे, आईसुद्धा, म्हणूनच नाव घेत नाहीत. त्याची थाळी मात्र रोज वाढतात, आला तर भुकेला यायला नको.

"पण हा तर तलाव आहे," मी म्हटले.

"पाणी सगळा एकच, साहेबानू. तळ्यातला न्हयत जाता, न्हयतला दर्यात."

म्हणजे झाकलेली थाळी जिवंत माणसाची होती. गप्प बसलेली ती सगळी माणसे एका मुलाला जिवंत ठेवत होती. आणि हवालातीतल्या माणसाने काही वेळापूर्वी माझ्या पट्ट्याखाली स्वतःच्या तोंडाने भावाला संपवले होते. निदान त्याच्या लेखी तरी.

माझ्या अंगावर काटा आला असे लिहिले तर ते शोभेल. प्रत्यक्षात पोलिसाचे डोके पुढेच चालत असते. मी विचारले, "आणि माणूस मेला हे नक्की माहीत असेल तर? प्रेत डोळ्यांनी पाहिले असेल तर?"

"मगे नाव घेवकच व्हया. पाण्यार तोंड करून, मोठ्यान. नायतर तेचो जीव थयच अडकान ऱ्हवता. मगे भिया नाय, कोणीय नाव घेवचा."

"तुमच्या टोळीत कोणी घेतले?"

"कोणीच नाय. आज ह्येनाच." त्याने हवालातीकडे हात केला.

"मुकादमाने घेतले," मी म्हटले. "माझ्यासमोर. बापाच्या नावासकट."

 म्हाताऱ्याचा हात डब्याच्या कडीवर होता, तो तिथेच थांबला. मग उठून निघून गेला.

हा काही पुरावा नव्हता. कोर्टात उभे राहून असले काही सांगितले असते तर वकील हसले असते. पण तपासात पुरावा मिळण्याआधी दिशा मिळावी लागते, आणि दिशा मला मिळाली होती. चौकशी केली तर कळले की तलावावर ठेकेदाराचा एक तात्पुरता पंप होता. तो रविवारपासून बंद होता, आणि सोमवारी पंपवाला घाईघाईने आपल्या मुलखात रवाना झाला होता. पंपाजवळ त्या रविवारी मुकादम दिसला होता, हेही एका गुराख्याने सांगितले.

मी सगळ्या टोळीला ठाण्याच्या अंगणात बोलावले. मुकादमाला खुर्ची दिली, बाकीचे समोर जमिनीवर बसले. म्हातारा आचारी पुढच्या ओळीत होता. थोरल्या भावालाही बाहेर आणून बसवले. त्याला नीट बसता येत नव्हते. सगळ्यांनी ते पाहिले आणि मीही पाहिले.

मी कागद चाळत मुकादमाला साध्या आवाजात म्हटले, "नोंदीत जरा गडबड झाली आहे. मुलाचे नाव काय म्हणालात?"

त्याने सवयीने तोंड उघडले आणि त्याच वेळी त्याची नजर समोर बसलेल्या माणसांवर गेली. एकही माणूस माझ्याकडे पाहत नव्हता. सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत होते.

तोंड तसेच उघडे राहिले. नाव घेतले तर गावाला कळणार होते, न घेतले तर मला.

"त्या दिवशी तर सांगितले होते," मी म्हटले. "दोनदा."

पहिला उठला तो म्हातारा. मग एकेक करून बाकीचे. कोणी शिवी दिली नाही, कोणी अंगावर धावले नाही. नुसते उभे राहिले. मुकादम खुर्चीवरून घसरून जमिनीवर बसला आणि त्याने डोके गुडघ्यांत घातले. पुढचे सगळे त्याने तिथेच सांगितले. त्याच्यावर हात उचलायची वेळ आली नाही, आणि तेही मला तेव्हा लागले.

पंपाचा पाण्यातला पाइप गाळाने आणि वेलींनी तुंबला होता. रविवारी कोणाला न सांगता, सुट्टीतल्या सुट्टीत ते काम उरकायचे होते. त्याने मुलाला बुडी मारायला नेले. कारखान्यातल्या भरतीसाठी ओळख काढून देईन, एवढे आमिष पुरले. मुलाने दोन-तीनदा बुडी मारून गाळ काढला. मग बराच वेळ वर आला नाही. पलीकडच्या झुडपातून बाहेर आला असेल असे धरून मुकादमाने पंपवाल्याला हात केला आणि पंप सुरू झाला. मुलगा खालीच होता. हात पाइपाच्या तोंडाशी अडकला. पंप बंद करून त्यांनी त्याला ओढून काढले तेव्हा काही उरले नव्हते. पंपवाल्याने बोलावलेल्या ठेकेदाराच्या माणसाने सांगितले, हे इथेच राहू दे. मुकादमाने मुलाला साखळीने पाइपाच्या आधाराला खाली बांधले. आणि मग पाण्याकडे तोंड करून त्याने मोठ्याने नाव घेतले. हेही त्यानेच सांगितले. मृत्यू लपवणाऱ्या माणसानेही एवढे केले होते. मुलाचा जीव तिथे अडकून राहू नये, म्हणून.

प्रेत काढायला टोळीतलीच माणसे पाण्यात उतरली. मर्ग कायम झाले, म्हणजे मृत्यूची रीतसर नोंद झाली. पंचनामा झाला, दुर्गला शवविच्छेदन झाले. डॉक्टरांनी मृत्यू आठवड्यापूर्वीचा सांगितला. म्हणजे त्याच रविवारचा. मुकादमावर हयगयीने मृत्यू घडवल्याचा आणि पुरावा नाहीसा केल्याचा गुन्हा लागला. बराकीवरचे दगड थांबले. ठाणेदारसाहेबांनी पाठ थोपटली, वरून शाबासकीचा कागद आला. त्यात 'कुशल पूछताछ' असे शब्द होते. तो मी घेतला. अजून घरात आहे.

थोरल्याला मी स्वतः सोडायला गेलो. मनातले ओझे उतरवायचे होते, हे कबूल करतो. मी त्याला समजावून सांगितले की तुझा भाऊ रविवारीच गेला. तुला ठाण्यात आणले तेव्हा तो जिवंत नव्हता. तू नाव घेतलेस त्याचा काही संबंध नाही, डॉक्टरांनी लिहून दिले आहे. डॉक्टरांचा अहवाल मी खिशातून काढला, जणू त्याला वाचता येत होते.

त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"डाक्टराचा खरा आसतला," तो म्हणाला. "पण साहेबानू, तुमी इचारीपर्यंत माझ्याकडे तो होतो."

मी अहवालाची घडी करून तो परत खिशात ठेवला. 

खुर्सीपारच्या त्या दोस्तालाही मी निकाल कळवला. त्याने सायकल भिंतीला टेकवली. मग म्हणाला, "मीच तुमाले सांगितलं होतं ना साहेब, का ते नाव घेऊन नाई राहिले म्हणून." त्याने चांगल्या मनाने आणलेली खबर होती, तिचे मी काय केले ते माझे होते. तसे त्याला सांगितले. तो ऐकून गेला, पण पुढे रस्त्यात भेटला तर नमस्कार करीत नसे.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे नवे अधिकारी विचारतील. त्यानंतर मी कोणावर हात उचलला नाही, असे लिहायला बरे वाटले असते. ते खरे नाही. वर्दीतली सवय एका प्रकरणाने जात नाही. पण एक गोष्ट बदलली. गप्प माणूस समोर आला की तो काय लपवतो आहे, हा प्रश्न मी आधी विचारीत असे. नंतर नंतर मी विचारू लागलो, तो कोणाला सांभाळतो आहे. दोन्ही गप्पपणा बाहेरून सारखे दिसतात. आणि भडाभडा बोलणाऱ्याला मी पूर्वीसारखी खुर्ची दिली नाही.

खटला दुर्गला चालला. थोरला साक्षीसाठी गावाहून आला. मी मागच्या बाकावर होतो. शपथ झाली आणि कोर्टातल्या कारकुनाने, पेशकाराने, विचारले, मयताचे नाव काय आणि तो तुझा कोण. मी नकळत बाक धरला.

त्याने नाव सांगितले. एका दमात, बापाच्या नावासकट. पेशकार हिंदी भाषक होता, त्याला नीट कळले नाही. पुन्हा सांग, म्हणाला. त्याने पुन्हा सांगितले, जरा मोठ्याने. तेही लिहिण्यात चुकले, तर तिसऱ्यांदा अक्षर अक्षर तोडून सांगितले. कुठे अडखळला नाही, कोणाकडे पाहिले नाही. आता ते नाव कोणीही, कितीही वेळा घेतले तरी चालणार होते. पेशकाराने मान डोलावली, "भाऊ" असे पुढे लिहिले आणि पुढचा प्रश्न विचारला.